लग्न न करता दोघांनी घेतलेला फ्लॅट: वेगळं होताना मालकी, कर्ज आणि सोसायटी कशी सोडवायची

लग्न न करता एकत्र राहणारी, किंवा लग्न ठरतंय म्हणून आधीच दोघांच्या नावावर फ्लॅट बुक करणारी जोडपी महाराष्ट्रातल्या शहरांत आता कमी नाहीत. नातं संपलं की त्या फ्लॅटचं काय करायचं हा प्रश्न उरतो, आणि बहुतेक जण तिथे एका गैरसमजाने सुरुवात करतात: घटस्फोटात जसं सगळं एका कोर्टात मिटतं तसं आपलंही मिटेल. तसं होत नाही. कौटुंबिक न्यायालय विवाहातल्या पक्षकारांच्या मालमत्तेचे वाद ऐकतं. लग्नच झालेलं नसेल तर वाद दिवाणी न्यायालयात जातो आणि तिथे तुम्ही दोघं केवळ सहमालक असता. नातं किती वर्षांचं होतं, कोणी कोणाला सोडलं, चूक कोणाची, यातल्या कशानेही हिस्सा वाढत किंवा कमी होत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा. एकाच फ्लॅटच्या तीन वेगळ्या गाठी असतात. मालकी दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदणीकृत दस्तावर, कर्ज बँकेच्या करारावर, आणि सभासदत्व सोसायटीच्या भागप्रमाणपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर. एक गाठ सोडली म्हणून दुसरी आपोआप सुटत नाही. हक्कसोड केलं, म्हणजे आपला हिस्सा दुसऱ्याला लेखी सोडून दिला, पण कर्जातून नाव निघालं नाही, आणि चार वर्षांनी स्वतःचं घर घ्यायला गेल्यावर बँकेने ‘तुमच्यावर आधीचं गृहकर्ज आहे’ म्हणून अर्ज परत केला, अशी प्रकरणं सतत येतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन गाठींभोवतीच आहेत.

पहिला आठवडा: काय करायचं, काय थांबवायचं

हप्ता थांबवू नका. रागाच्या भरात ‘आता तूच भर’ म्हणून ईएमआय बंद करणं ही यातली सर्वांत महागडी चूक. सहकर्जदार म्हणून पूर्ण कर्जाची जबाबदारी प्रत्येकावर असते, निम्मी नव्हे. बँक दोघांपैकी कोणाकडूनही सगळी रक्कम मागू शकते. हप्ता चुकला की क्रेडिट स्कोअर दोघांचा पडतो, ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं, आणि मग गहाण मालमत्तेतून वसुलीच्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. तोडगा निघेपर्यंत हप्ता भरा, पण स्वतःच्या खात्यातून भरा आणि त्याच दिवशी समोरच्याला साधा ईमेल पाठवा: अमुक महिन्याचा हप्ता मी भरला, तुमच्या वाट्याची रक्कम मी हिशोबात धरतो आहे.

संयुक्त बचत खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं असेल तर एक जण ते एका दुपारी रिकामं करू शकतो. खात्यावरचे व्यवहार यापुढे दोघांच्या सहीशिवाय होऊ नयेत असं शाखेला लेखी कळवा आणि पोच घ्या. जोडीदाराला कधी मुखत्यारपत्र दिलं असेल तर ते रद्द करा. मूळ मुखत्यारपत्र नोंदणीकृत असेल तर रद्द करण्याचा दस्तही नोंदवावा आणि त्याची प्रत समोरच्याला, बँकेला व सोसायटीला पाठवावी.

सोसायटीच्या सचिवांना एक पत्र द्या: या सदनिकेचे आम्ही दोघं सभासद आहोत, माझ्या लेखी संमतीशिवाय हस्तांतरणाचा किंवा ना-हरकत दाखल्याचा अर्ज स्वीकारू नये. पत्र साधंच असतं, पण पुढे खूप मनस्ताप वाचवतं.

मोबाइल बदलायचा विचार असेल तर थोडं थांबा. व्हॉट्सॲपवरची बोलणी पुढे पुरावा म्हणून लागू शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. एक भाग पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. नुसत्या स्क्रीनशॉटवर समोरचा वकील लगेच हरकत घेतो. मूळ फोन आणि त्यातलं मूळ संभाषण जपून ठेवा.

कागद गोळा करा

सर्वांत आधी नोंदणीकृत करारनामा आणि त्याची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात. मूळ करारनामा बहुधा बँकेत गहाण असतो. पण इंडेक्स टू नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते आणि प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडून मिळते. करारनाम्यात तीन गोष्टी पाहा: खरेदीदार म्हणून नावं कोणाची, हिस्सा टक्केवारीत लिहिला आहे का, आणि पैसे दिल्याच्या परिशिष्टात कोणाच्या खात्यातले धनादेश नमूद आहेत. हे परिशिष्ट सहसा कोणी वाचत नाही, आणि हिस्स्याचा वाद झाला की नेमकं तेच निर्णायक ठरतं.

त्यानंतर कर्जाचं मंजुरीपत्र, आजवरचं पूर्ण कर्ज विवरण (मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवणारं), शेअर सर्टिफिकेट, नामनिर्देशनाचा अर्ज, मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल. सर्टिफिकेटवर पहिलं नाव कोणाचं हेही पाहून ठेवा. सभेतलं मत सहसा पहिल्या नावाचं असतं. वीजबिलावर किंवा करपावतीवर नाव असल्याने कोणी मालक होत नाही. नॉमिनी असल्यानेही होत नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. हे सांगायचं कारण म्हणजे ‘मी नॉमिनी आहे, मग अर्धं घर माझंच’ ही समजूत फार पसरली आहे.

पैशाचा माग काढा

एक तक्ता करा. रकाने सहा: तारीख, रक्कम, कोणाच्या खात्यातून, कोणाच्या खात्यात, कशासाठी, पुरावा काय. बुकिंगची रक्कम, बिल्डरचे टप्पे, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, हप्ते, आतलं फर्निचर, सोसायटीचा देखभाल खर्च, सगळं घाला, पण तीन गटांत: घराची किंमत, कर्जाचं व्याज, आणि वापराचा खर्च. कारण हिस्सा ठरवताना वजन पहिल्या गटाला असतं. देखभाल, वीज, किराणा यांचे पैसे मालकीत मोडत नाहीत.

एक अवघड जागा इथे नेहमी येते. एक जण ईएमआय भरायचा आणि दुसरी घरखर्च, शाळेची फी, प्रवास सगळं चालवायची. विवरणात तिचा रुपयाही कर्जाकडे गेलेला दिसत नाही. अशा वेळी दोघांत वाटणी अशी ठरली होती हे दाखवणारा एखादा संदेश, दोघांनी ठेवलेली हिशोबाची शीट किंवा दरमहा ठरावीक रक्कम त्याच्या खात्यात गेल्याची नोंद शोधा. ‘तू हप्ता भर, बाकी मी बघते’ एवढा एक जुना संदेशही उपयोगी पडतो.

हिस्सा किती?

करारनाम्यात हिस्सा लिहिलेला असेल तर सहसा तोच धरतात. नसेल तर संपत्ती हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ४५ लागतं. सामाईक निधीतून किंमत दिली असेल तर त्या निधीत ज्याचा जितका हक्क तितका हिस्सा. वेगवेगळ्या पैशातून दिली असेल तर ज्याने जितकी किंमत दिली त्या प्रमाणात. आणि कोणी किती दिलं याचा पुरावाच नसेल तर समान हिस्सा गृहीत धरतात. ‘दोन नावं म्हणजे अर्धं-अर्धं’ हा नियम पुरावा नसतानाचा आहे.

आकडे घेऊन पाहू. फ्लॅट ८० लाखांना घेतला. सुरुवातीचे २० लाख: त्याचे १४, तिचे ६. उरलेलं ६० लाखांचं संयुक्त कर्ज. आजवर १२ लाख मुद्दल फिटलं, त्यातलं ८ त्याच्या खात्यातून, ४ तिच्या. कर्ज बाकी ४८ लाख, आजची किंमत १ कोटी. म्हणजे वाटायला ५२ लाख आहेत.

समान हिस्सा धरला तर दोघांना २६-२६ लाख.

प्रत्यक्ष भरलेल्या पैशाचं प्रमाण धरलं तर त्याचे २२ आणि तिचे १०, एकूण ३२ लाख. त्याचा हिस्सा ६८.७५ टक्के, म्हणजे ३५.७५ लाख. तिला १६.२५ लाख.

तिसरा हिशोब असा: संयुक्त कर्ज दोघांनी मिळून काढलं, म्हणून किंमत देताना प्रत्येकाचे ३० लाख धरायचे. मग त्याचे ४४, तिचे ३६, म्हणजे ५५ आणि ४५ टक्के. १ कोटीतून त्याचे ५५ वजा निम्मं कर्ज २४, राहिले ३१. तिचे ४५ वजा २४, राहिले २१. त्याने मुद्दलात आपल्या वाट्याच्या ६ लाखांपेक्षा २ लाख जास्त भरले, ते तिच्याकडून त्याला. शेवटी त्याला ३३ आणि तिला १९.

बोलणी करताना हे तिन्ही आकडे टेबलावर ठेवा. तिसरा हिशोब आम्हाला सर्वांत न्याय्य वाटतो, कारण कर्ज घेताना जोखीम दोघांनी सारखीच उचललेली असते. दुसऱ्या हिशोबात ती जोखीम हरवते. व्याजाचा प्रश्न वेगळा काढा. दोघं एकत्र राहत होते त्या काळातलं व्याज ज्याने भरलं त्याच्याकडे सोडून दिलेलं बरं. एक जण बाहेर पडल्यानंतर दुसरा एकटा राहतो आणि एकटाच हप्ता भरतो, तेव्हा त्या व्याजासमोर त्या घराचं भाडं मांडा. अनेकदा दोन्ही आकडे जवळपास येतात आणि भांडणाचा एक मोठा मुद्दा तिथेच संपतो.

नाव एकाचं, पैसे दोघांचे

ही सर्वांत कठीण परिस्थिती, आणि इथे चुकीचा दावा लावला तर नुकसान दुप्पट. ‘घर त्याच्या नावावर आहे, पण पैसे माझे, म्हणून खरी मालक मी’ असा दावा थेट बेनामी व्यवहाराच्या कायद्यात अडकतो. १९८८ च्या या कायद्यात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. कायदेशीर उत्पन्नातून पती-पत्नी किंवा मुलांच्या नावावर घेतलेली मालमत्ता बेनामी धरत नाहीत. पण लग्न न झालेला जोडीदार या सवलतीत बसत नाही. बेनामी मालमत्तेवर खरा मालक म्हणून हक्क सांगणारा दावा कायदा ऐकत नाही. उलट बेनामी व्यवहार सिद्ध झाला तर एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

म्हणून अशा वेळी मालकीपेक्षा पैसे परत मागण्याचा मार्ग पाहा. पैसे उसने दिले होते, घर दोघांचं होईल या कराराने दिले होते, की फुकट द्यायचा हेतू नसताना समोरच्याने त्याचा लाभ घेतला (भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७०), यातलं काय बसतं हे वकिलाने कागद पाहून ठरवावं. समोरून उत्तर ठरलेलं येतं: ‘ती भेट होती.’ म्हणून बँकेच्या हस्तांतरणावर लिहिलेली टीप, ‘फ्लॅटसाठी’ किंवा ‘हप्ता’, आणि त्यावेळचे संदेश महत्त्वाचे.

मुदतीकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. उसने दिलेल्या पैशाच्या वसुलीला तीन वर्षांची मुदत आहे आणि ती साधारणपणे पैसे दिल्या दिवसापासून मोजतात, नातं तुटल्या दिवसापासून नाही. पाच वर्षांपूर्वी दिलेले १० लाख आज मागायला गेलात तर दावा मुदतबाह्य ठरू शकतो. मुदत संपायच्या आत समोरच्याने सहीनिशी लेखी देणं कबूल केलं असेल, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. त्यामुळे चर्चा गोडीत चालू आहे तोवरच ‘अमुक रक्कम देणं आहे’ एवढं सही करून घेणं शहाणपणाचं.

घरात कोण राहणार

सहमालक दुसऱ्या सहमालकाला घराबाहेर काढू शकत नाही, कुलूप बदलू शकत नाही. दोघांनाही पूर्ण घराचा ताबा घेण्याचा हक्क असतो. कोणी बेकायदेशीरपणे ताब्यातून बाहेर काढलं असेल तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली मालकीचा प्रश्न न उकरता ताबा परत मागता येतो, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या आत कोर्टात जावं लागतं. पोलीस ठाण्यात तक्रार जरूर नोंदवा. मात्र मालकी ठरवणं पोलिसांचं काम नाही, ते दिवाणी कोर्टाकडेच बोट दाखवतील.

स्त्रीला आणखी एक आधार आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा ‘विवाहसदृश नात्यालाही’ लागू होतो. घर तिच्या नावावर नसलं तरी सामाईक घरात राहण्याचा हक्क, किंवा त्याबदल्यात दुसरी राहण्याची सोय वा भाडं, दंडाधिकारी देऊ शकतात. कुठलं नातं विवाहसदृश मानायचं याच्या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली डी. वेलुसामी प्रकरणात सांगितल्या: समाजात पती-पत्नीसारखे वावरणं, दोघं सज्ञान असणं, लग्नाला कायदेशीर अडथळा नसणं, आणि बराच काळ स्वेच्छेने एकत्र राहणं. जोडीदार आधीच विवाहित आहे हे माहीत असताना राहिलेल्या नात्याला हे संरक्षण मिळालं नाही, असं २०१३ च्या इंद्रा सरमा निकालात झालं. हिंसा झालेली असेल तर या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जायला संकोच करू नका. पण हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही, हे लक्षात ठेवून मालकीची कारवाई वेगळी चालू ठेवा. समलिंगी जोडीदारांना सहमालकीचे सगळे नियम तसेच लागू होतात.

तोडगे कोणते

दोघांनी मिळून फ्लॅट विकणं, बँकेचं कर्ज फेडणं आणि उरलेलं वाटून घेणं हा सर्वांत स्वच्छ मार्ग. तिन्ही गाठी एकाच व्यवहारात सुटतात. दोघांपैकी कोणाचाही पगार एकट्याने कर्ज पेलण्याइतका नसेल तर दुसरा विचार करूच नका. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल तर खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो. तो दोन्ही विक्रेत्यांच्या पॅनवर हिस्स्याप्रमाणे भरला जातोय ना ते बघा, नाहीतर एकाचा कर दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलं असेल तर नफा दीर्घकालीन धरतात.

एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घेणं हा दुसरा मार्ग. त्याची कृती खाली सविस्तर आहे.

घर भाड्याने देऊन काही काळ थांबणं हा तिसरा. बाजार मंद असेल किंवा कर्ज नुकतंच घेतलं असेल तर परवडतो, पण भाडं कोणाच्या खात्यात, हप्ता कोणाच्या, आणि कोणत्या तारखेला विकायला काढायचं हे लेखी ठरवा. तारीख न ठरवता ठेवलेली सहमालकी वर्षानुवर्षं लोंबकळत राहते.

आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकणं कायद्याने शक्य आहे. व्यवहारात मात्र असा हिस्सा घेणारा शोधून सापडत नाही, आणि गहाण असलेल्या घरात बँक परवानगी देत नाही.

एकाने दुसऱ्याचा हिस्सा घेणं: क्रमाने

क्रम चुकला की पैसे जातात किंवा नाव अडकतं, म्हणून तो तसाच पाळा.

१. आधी बँक. घर ठेवणाऱ्याने एकट्याच्या नावावर कर्ज चालू ठेवण्यासाठी किंवा दुसऱ्या बँकेकडून कर्ज उचलण्यासाठी अर्ज करावा. वरच्या उदाहरणात त्याला ४८ लाखांचं जुनं कर्ज आणि तिला द्यायचे १९ लाख, म्हणजे ६७ लाख हवेत. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी हप्ता सुमारे ५८,१५० रुपये येतो. बहुतेक बँका सगळे हप्ते मिळून निव्वळ पगाराच्या साधारण निम्म्याच्या पुढे जाऊ देत नाहीत, म्हणजे हातात पगार १ लाख १६ हजारांच्या आसपास हवा. बँकेचं लेखी मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय पुढची पायरी उचलू नका. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, त्यामुळे बँक बदलायला घाबरायचं कारण नाही.

२. दस्त कोणता करायचा ते ठरवा. सहमालक दुसऱ्या सहमालकाच्या लाभात हक्कसोड पत्र करू शकतो. पैसे घेऊन हिस्सा द्यायचा असेल तर अनेक वकील सरळ हिस्स्याचं खरेदीखत सुचवतात. दोन्हींत नोंदणी सक्तीची. पाचशे रुपयांच्या मुद्रांक कागदावर नोटरीसमोर केलेल्या ‘समजुतीच्या करारनाम्याने’ हिस्सा एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, कितीही सह्या-शिक्के असले तरी.

३. मुद्रांक शुल्क आधीच मोजा. दोनशे-पाचशे रुपयांत हक्कसोड होतं असं ऐकलेलं असतं. ती सवलत वडिलोपार्जित मालमत्तेत जवळच्या नातेवाइकांसाठी आहे. लग्न न झालेल्या जोडीदारांत हिस्स्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताइतकंच शुल्क लागतं. शहरात मूळ दर ५ टक्के. त्यावर कोणता अधिभार बसतो ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. १ कोटीच्या फ्लॅटमधला ४५ टक्के हिस्सा धरला तर ५ टक्क्यांनी सव्वादोन लाख रुपये. नोंदणी फी वेगळी, खरेदीखताला ती एक टक्का व जास्तीत जास्त ३०,००० रुपये असते. हे कोण भरणार ते तडजोडीत लिहा.

४. बक्षीसपत्राच्या मोहात पडू नका. ‘पैसे नकोत, तुला देऊन टाकते’ अशा उदार क्षणी केलेलं बक्षीसपत्र घेणाऱ्याला आयकरात महाग पडतं. नातेवाइकाकडून मिळालेली भेट करमुक्त असते, पण लिव्ह-इन जोडीदार आयकराच्या व्याख्येतला नातेवाईक नाही. मुद्रांक मूल्य, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरतं ती किंमत, ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. मोबदला न घेता केलेल्या हक्कसोडीलाही हाच धोका आहे. दस्त करण्याआधी सीएकडे जा.

५. मसुद्यात हे असायलाच हवं: मूळ करारनाम्याचा दस्त क्रमांक व तारीख, सदनिकेचं पूर्ण वर्णन, सोडला जाणारा हिस्सा, मोबदल्याची रक्कम आणि ती कशी दिली (आरटीजीएसचा यूटीआर क्रमांक किंवा डिमांड ड्राफ्टचा क्रमांक), कर्जाची जबाबदारी यापुढे कोणाची, जाणाऱ्यावर बँकेने बोजा टाकला तर राहणारा भरपाई देईल हे कलम, आणि बँकेची ना-हरकत. रोख रक्कम घेऊ-देऊ नका. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोखीने घेतले तर आयकर कायद्यात तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

६. नोंदणीचा दिवस. शुल्क ई-चलनाने आधी भरायचं, दस्ताची माहिती संकेतस्थळावर आधी भरायची, मग दोघांनी आधार, पॅन आणि दोन साक्षीदारांसह दुय्यम निबंधकांसमोर हजर राहायचं. डिमांड ड्राफ्ट असेल तर तो सही होताना समोर दिसला पाहिजे. सही आधी आणि पैसे ‘संध्याकाळपर्यंत टाकतो’ हे कधीही मान्य करू नका. सही केलेला दस्त चार महिन्यांत नोंदवावा लागतो, पण तेवढा वेळ जाऊच देऊ नये.

७. त्याच आठवड्यात बँकेत नव्या करारावर सह्या, आणि जाणाऱ्याचं नाव सहकर्जदार म्हणून वगळल्याचं पत्र. ते पत्र जाणाऱ्याने आपल्या ताब्यात घ्यावं, फोटोवर समाधान मानू नये.

८. सोसायटीत इंडेक्स टूची प्रत, हस्तांतरणाचे अर्ज आणि शेअर सर्टिफिकेट द्या. महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. ‘विकास निधी’ वगैरे नावाने जास्त मागितले तर लेखी मागणीपत्र मागा. नामनिर्देशन नव्याने भरा. जुना नॉमिनी तसाच राहणं ही हमखास होणारी विसर.

ताबा अजून मिळालेला नसेल तर

बिल्डरकडे काम चालू आहे आणि करारनामा नोंदलेला आहे, अशा वेळी नाव कमी करायला बिल्डर, दोघं खरेदीदार आणि बँक असे सगळे लागतात. नुसत्या ईमेलवर बिल्डरने ‘नाव काढलं’ म्हटलं तरी नोंदणीतलं नाव तसंच राहतं. फक्त वाटपपत्र मिळालं असेल आणि करारनामा झाला नसेल तर गोष्ट सोपी, तो आधीच एकाच्या नावाने करून घ्या. बांधकाम प्रकल्पांसाठीच्या रेरा कायद्याप्रमाणे बिल्डरला नोंदणीकृत करारनाम्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, त्यामुळे या टप्प्यावर अडकलेली रक्कमही मर्यादित असते.

बोलणी फिसकटली तर

कोर्टाआधी मध्यस्थी करून बघा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वर मांडलेला तक्ता आणि तीन हिशोब घेऊन गेलात तर मध्यस्थाचं अर्धं काम झालेलं असतं.

तरीही जमलं नाही तर मालमत्ता ज्या हद्दीत आहे तिथल्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावायचा. सोबत समोरच्याने घर विकू नये, गहाण टाकू नये म्हणून तात्पुरत्या मनाईचा अर्ज. आणि दावा दाखल होताच त्याची लिस पेंडन्सची, म्हणजे या मालमत्तेवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात ही नोंद नसेल तर दावा चालू असताना घेणाऱ्याला बांधून धरणं कठीण होतं. हे काम वकिलाकडूनही राहून जातं, म्हणून स्वतः विचारा आणि नोंदीची प्रत मागा.

कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनाम्यात हिस्से ठरवतं. फ्लॅटची भिंत घालून वाटणी होत नाही, म्हणून १८९३ चा पार्टिशन ॲक्ट कामी येतो. निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेली बाजू विक्रीची मागणी करू शकते, आणि अशी मागणी आली की दुसरी बाजू कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा स्वतः विकत घ्यायची तयारी दाखवू शकते. म्हणजे ५० टक्क्यांची रेषा इथे खरोखर महत्त्वाची आहे. ४५ टक्केवाल्याला कलम २ खाली विक्रीची मागणी एकट्याने करता येत नाही. हुकूमनामा, कोर्ट कमिशनर, अपील हे सगळं वर्षानुवर्षं चालतं आणि हप्ते त्या काळातही भरावे लागतात. खटल्यातला खर्च आणि तडजोडीत सोडावे लागणारे दोन-तीन लाख यांची तुलना पहिल्या तारखेआधीच कागदावर करा.

गाडी, दागिने, ठेव

गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली त्याची. नाव बदलायला आरटीओचे नमुने २९ आणि ३० लागतात, कर्ज असेल तर आधी नमुना ३५. भाड्याच्या घराची अनामत रक्कम करारात ज्याचं नाव त्याला परत मिळते. दागिन्यांना पावती हाच आधार.

सगळं झाल्यावर तीन महिन्यांनी

नवी इंडेक्स टू काढून नाव आणि हिस्सा बरोबर आहे का पाहा. दोघांनीही आपापला क्रेडिट रिपोर्ट मागवा. ते कर्ज जाणाऱ्याच्या नावावर अजून दिसत असेल तर बँकेचं पत्र जोडून दुरुस्तीचा अर्ज करा. जुनं कर्ज पूर्ण फेडलं असेल तर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत देणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते. आणि वाद अजून चालू असेल तर मृत्युपत्र आजच करा: सहमालकाचा हिस्सा त्याच्या मृत्यूनंतर जोडीदाराकडे जात नाही, त्याच्या वारसांकडे जातो, आणि मग बोलणी करायला समोर एका माणसाऐवजी पूर्ण घर बसतं.